चाकाखालचा जमाखर्च

मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे इंजिनापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. किती सीसीचे, किती अश्वशक्तीचे, शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंदांत, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण इंजिनाची शक्ती, ब्रेकचा अटकाव आणि स्टिअरिंगची आज्ञा हे सगळे रस्त्यापर्यंत पोहोचते ते चार ठिकाणांवाटे, आणि त्यांतले प्रत्येक ठिकाण माणसाच्या तळहातापेक्षा फार मोठे नसते. टायरचा रस्त्याला टेकलेला तेवढा भाग सुटला, की उरलेली मोटार कितीही किमती असो, फेकलेल्या दगडाला जेवढी स्वतःची मर्जी असते तेवढीच तिला उरते.

हे चार तळहात रस्त्याला टेकवून ठेवण्याचे काम मुख्यतः तीन वस्तू करतात. स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, ज्याला आपल्या गॅरेजांत सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात, आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार. अमेरिकेत त्यालाच स्वे बार म्हणतात. वेगवान गाडी बाळगणारा हौशी माणूस इंजिनाचे मन भरले की या तीन वस्तूंकडे वळतो. दुकानात लाल-पिवळ्या रंगांच्या आखूड, कडक स्प्रिंगा मांडलेल्या असतात. त्या बसवल्या की गाडी दोन बोटे खाली येते, देखणी दिसते, वळणावर कलत नाही, आणि मालकाला वाटते की गाडीची पकड वाढली. कलणे कमी होणे आणि पकड वाढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजण्याची किंमत काय पडते हे शेवरोले या एकाच नावाच्या दोन अमेरिकी गाड्यांनी फार स्पष्टपणे दाखवून दिले आहे. त्यांच्याकडे जाण्याआधी या तीन वस्तूंची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

आधी स्प्रिंग. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आजही तसाच लागू आहे. भार जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने स्प्रिंग दबते. एक सेंटिमीटर दबायला किती किलो लागतात, हा झाला तिचा कडकपणा. पण हा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण तीच स्प्रिंग हलक्या गाडीखाली कडक ठरते आणि जड गाडीखाली मऊ. म्हणून जाणकार गाडीची लय मोजतात. दाबून सोडलेली गाडी, तिला कोणी आवरले नाही तर, एका सेकंदात किती वेळा वर-खाली होईल, ती तिची लय.

ही लय समजून घेण्यासाठी घरी करता येईल असा एक प्रयोग आहे. गाडीच्या स्वतःच्या वजनाने, चाकापाशी मोजल्यास, स्प्रिंग जितकी दबते तितक्या लांबीचा दोरा घ्यावा, त्याला छोटा दगड बांधून झुलवावा. दगडाची जी लय, तीच गाडीची. पंचवीस सेंटिमीटरच्या दोऱ्याला बांधलेला दगड सेकंदाला एक हेलकावा पुरा करतो. घरगुती, आरामशीर गाड्या साधारण एक ते दीडच्या लयीत चालतात. खेळकर वेगवान गाड्या दोनच्या आसपास जातात, आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्या त्याच्याही पुढे. आता दोनची लय हवी असेल तर दोरा किती लागेल? साडेबारा सेंटिमीटर, असे पटकन तोंडात येते. प्रत्यक्षात तो सव्वासहा सेंटिमीटर लागतो. लय दुप्पट करायची तर कडकपणा चौपट करावा लागतो. मग खड्डा भरून काढायला स्प्रिंगेकडे उरणारी जागा किती कमी झाली, ते ज्याने त्याने पाहावे.

स्प्रिंगेच्या हिशेबात आणखी दोन खाचा आहेत. पहिली तारेची. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो, म्हणून दहा मिलिमीटरऐवजी बारा मिलिमीटर जाडीची तार घेतली की बाकी सगळे तेच ठेवून स्प्रिंग दुपटीहून थोडी अधिकच कडक होते. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. दुसरी खाच बसवण्याच्या जागेची. स्प्रिंग सहसा चाकाच्या थेट डोक्यावर नसते, आडव्या भुजेवर कुठेतरी मध्ये असते. चाक दोन बोटे उचलले आणि स्प्रिंग एकच बोट दबली, तर चाकापाशी तिचा कडकपणा अर्धा न राहता चौथा हिस्सा राहतो. त्यामुळे मित्राच्या गाडीला चांगला लागू पडलेला आकडा आपल्या गाडीसाठी उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर घेणे होय.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे एकमेकींशी जमले पाहिजे, ही गोष्टही फार जुनी आहे. मॉरिस ओली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉईसमधली नोकरी सोडून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेले. वजने हवी तशी पुढे-मागे सरकवता येतील अशी एक प्रयोगाची गाडी तिथे तयार झाली, आणि माणसांना ती कधी सुखाची वाटते, कधी नकोशी होते, याचा अभ्यास सुरू झाला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की मागच्या स्प्रिंगांची लय पुढच्यांपेक्षा थोडी जलद असावी. उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो, मागच्यांना क्षणभर उशिरा. मागची बाजू थोडी जलद चालली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी पुढे-मागे डुलत न राहता सरळ वर-खाली होऊन शांत होते. हे जमले नाही की काय होते ते एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, आणि गाडीचे डुलणे तिथे उसळी होऊन पोहोचते.

दुसरी वस्तू शॉक अॅब्सॉर्बर. हे नाव थोडे फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेला धक्का ती साठवून ठेवते आणि लगेच परत करते, तिला गिळता येत नाही. गिळण्याचे काम शॉकअपचे. रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांपुढे आणावी. दट्ट्या हळू दाबला तर पाणी निमूट निघते, जोराने दाबला तर तेवढ्याच जोराने हाताला अडवते. शॉकअपमध्ये पाण्याऐवजी तेल असते, ते बारीक भोकांतून आणि झडपांतून इकडून तिकडे जाते, आणि गाडीची उसळी तापलेल्या तेलाच्या रूपाने हवेत विरते. खराब रस्त्यावरून बराच वेळ आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहावा, तो गरम लागतो.

उसळी अगदी शून्यावर आणून थांबवायला जेवढा विरोध लागेल, त्याच्या पाव ते एक तृतीयांश विरोध साध्या गाडीला पुरतो. वेगवान गाडीला निम्म्याच्या पुढेमागे लागतो. चाक वर जाताना आणि खाली येताना मिळून हा विरोध वाटायचा असतो, आणि खाली येतानाचा वाटा सहसा मोठा ठेवतात, कारण दबलेली स्प्रिंग सुटताना गाडीला वर भिरकावते. पण तोही वाटा अवाजवी वाढवला की नवीनच दुखणे सुरू होते. लागोपाठ खड्डे आले तर एका खड्ड्यातून चाक पुरते खाली यायच्या आत दुसरा येतो, गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली ओढली जाते आणि शेवटी स्प्रिंगेला दबायला जागाच उरत नाही. उलट, कडक स्प्रिंगांवर जुने मऊ शॉकअप तसेच ठेवले तर गाडी खड्ड्यानंतर नाचत राहते, आणि नाचणारे चाक अर्धा वेळ रस्त्यावर नसते. स्प्रिंग बदलली की शॉकअप तिच्या जोडीचा घ्यावा लागतो. वधूवरांच्या बाबतीत जुळवलेल्या पत्रिका चुकू शकतात, इथली पत्रिका मात्र गणिताची आहे.

नंतर तेलामागे दाबाखालचा वायू भरण्याची कल्पना रूढ झाली. फ्रान्सचे बूर्सिए द कार्बाँ यांनी एकाच नळीचा, वायूच्या दाबाचा शॉकअप १९५० नंतरच्या वर्षांत पुढे आणला, आणि जर्मनीतल्या बिलस्टाइनने तो मोठ्या प्रमाणावर बनवला. जलद हालचालीत तेलाचा फेस होऊन विरोध एकाएकी नाहीसा व्हायचा, तो या दाबामुळे टळला. शर्यतीच्या माणसांना या गोष्टीचे मोल लगेच कळले, कारण दहाव्या फेरीलाही गाडी पहिल्या फेरीसारखीच वागू लागली.

आता तिसरी वस्तू, तो दांडा. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली त्याचे पेटंट मिळाले. गाडीच्या रुंदीइतका पोलादी दांडा, दोन्ही टोके वळवून डाव्या आणि उजव्या चाकाच्या भुजांना जोडलेली, आणि मध्ये तो रबरी बुशांत मोकळा फिरेल असा धरलेला. त्याचे काम समजायला ओली चादर पिळणाऱ्या दोन बायकांची आठवण काढावी. दोघींनी एकाच बाजूला पीळ दिला तर चादर नुसती फिरते. विरुद्ध बाजूंना दिला तर पिळली जाते आणि हाताला ताण बसतो. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर दांडा नुसता फिरतो, आडकाठी करत नाही. वळणावर बाहेरचे चाक वर आणि आतले खाली जाऊ लागले की तो पिळतो आणि गाडीला कलू देत नाही. म्हणजे सरळ रस्त्यावर मऊ स्प्रिंगांचे सुख आणि वळणावर कडक स्प्रिंगांचा ताठा, दोन्ही एका दांड्यात मिळाल्यासारखे दिसते. दांड्याच्या जाडीचाही परिणाम चौथ्या घातातच होतो. वीस मिलिमीटरचा दांडा बावीसचा केला की कडकपणा जवळजवळ दीडपट होतो.

इथपर्यंत सारे सोयीचे आहे. हिशेब पुढे लागतो.

एक हजार किलोची गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर एक मीटर चाळीस सेंटिमीटर. ती जोरात वळली, इतकी की बाजूला खेचणारे बळ तिच्या वजनाच्या सात दशांश झाले. तर आतल्या चाकांवरचा अडीचशे किलो भार उठून बाहेरच्या चाकांवर जातो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे किलो होते, आता बाहेर साडेसातशे आणि आत अडीचशे. हे अडीचशे किलो ठरतात वजनाने, उंचीने, रुंदीने आणि वळण्याच्या जोराने. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, शॉकअप नाही, दांडाही नाही. तुम्ही गाडी दगडासारखी कडक केलीत तरी ती कलणार नाही एवढेच. भार तरीही जवळपास तेवढाच सरकेल. गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली तर अडीचशेचे दोनशे पस्तीस होतात. फायदा आहे, पण पंधरा किलोंचा.

मग स्प्रिंगा आणि दांडे करतात काय? ते या अडीचशे किलोंची वाटणी करतात. पुढचा दांडा जाड केला तर त्यातला मोठा हिस्सा पुढच्या दोन चाकांच्या खात्यावर पडतो, मागचा जाड केला तर मागच्यांच्या. ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात वाढत नाही. शेताला दुप्पट खत घातले म्हणून दुप्पट पीक येत नाही, तसेच हे. एकाच आसावरच्या दोन टायरांवर भार सारखा असेल तेव्हा त्यांची मिळून पकड सर्वांत जास्त. जितकी विषम वाटणी, तितकी बेरीज कमी. म्हणून ज्या बाजूला जाड दांडा बसवाल, त्या बाजूची पकड कमी होते. दुकानात हे कोणी सांगत नाही. दांडा पकड निर्माण करत नाही, एका टोकाची काढून दुसऱ्या टोकाला सावरतो. पुढे जाड झाला तर वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ पाहते. मागे जाड झाला तर शेपूट बाहेर फिरते. बँकेच्या वह्यांत उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटते. एका खात्यावर जमा झाले की कुठेतरी नावे पडलेच पाहिजे.

या वाटणीची गोष्ट पुस्तकातून उठून थेट संसदेपर्यंत गेली ती शेवरोले कॉर्वेअरमुळे. ही गाडी १९५९ च्या शरद ऋतूत बाजारात आली. अमेरिकेत तेव्हा बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे. कॉर्वेअरचे अॅल्युमिनियमचे, सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागे होते. साहजिकच वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर. त्या मागच्या चाकांचे आसही असे, की वळणावर जोर फार झाला तर बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू पाही आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाई. अशा गाडीला पुढे अँटी-रोल बार हवा, हे तिच्या अभियंत्यांना माहीत होते. पुढे दांडा असता तर भाराची जास्त वाटणी पुढच्या चाकांवर पडली असती, नाक आधी सरकले असते, चालक सावध होऊन वेग कमी करता झाला असता, आणि मागच्या चाकांना तो भयंकर क्षण बहुधा पाहावाच लागला नसता. पण किंमत खाली ठेवायची होती, समोर फोर्डची स्वस्त फाल्कन उभी होती. दांडा रोजच्या गाडीतून वगळला गेला.

त्याऐवजी हवेवर भिस्त ठेवण्यात आली. पुढच्या टायरांत पंधरा पौंड, मागच्यांत सव्वीस पौंड, असा दाब पुस्तिकेत छापला. कागदावर हे बरोबर होते, पुढचे टायर नरम राहिले की नाक आधी सरकते. पण पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखी हवा भरतो, ही साऱ्या जगाची रीत आहे. ज्या गाडीची सुरक्षितता पंपावरच्या अनोळखी हातावर अवलंबून ठेवलेली आहे, तिच्या रचनेत कुठेतरी हिशेब अपुरा राहिला असे म्हणावे लागते. जास्त कडक स्प्रिंगा आणि पुढचा दांडा १९६२ पासून जास्तीचे पैसे देणाऱ्याला मिळू लागला. सर्व गाड्यांना पुढचा दांडा आणि मागे आधाराचा आडवा पाटा १९६४ मध्ये मिळाला. १९६५ मध्ये मागच्या चाकांची सगळी रचनाच बदलली. तोवर कंपनीवर शंभराच्या वर दावे दाखल झालेले होते.

राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक नोव्हेंबर १९६५ मध्ये आले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्वेअरवर होते. जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत वाहनांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. न्यायाने हेही सांगायला हवे, की १९७२ साली सरकारी सुरक्षा खात्यानेच चाचण्या घेऊन निर्वाळा दिला, की जुनी कॉर्वेअर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती. तोपर्यंत गाडी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. या निर्वाळ्याने नेडर यांचा आरोप सौम्य झाला, तरी एक गोष्ट कायम राहते. दांडा वगळण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते, आणि त्या गाडीतून बायकामुलांना घेऊन निघालेला गृहस्थ, या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. बचत एकाच्या खात्यावर होती, जोखीम दुसऱ्याच्या.

दुसरी गाडी त्याच नावाची, पण पैसे वाचवण्याशी तिचा काही संबंध नव्हता. १९८४ सालची शेवरोले कॉर्व्हेट ही अमेरिकेची आवडती वेगवान गाडी, नव्याने घडवलेली. १९८३ हे वर्ष तर तिच्या विक्रीविनाच गेले होते, त्यामुळे उत्सुकता शिगेला पोहोचलेली. पुढे आणि मागे काचतंतूंच्या आडव्या स्प्रिंगा, रुंद टायर, आणि जास्त हौस असणाऱ्यासाठी ‘झेड ५१’ नावाचा कडक संच. गुळगुळीत गोल मैदानावर ही गाडी वजनाच्या नऊ दशांश इतक्या जोराने वळून दाखवी. मासिकांत आकडे छापून आले, लोक खूश झाले. मग मालक ती गाडी रोजच्या रस्त्यावर घेऊन निघाले आणि तक्रारी सुरू झाल्या. हाडे खिळखिळी होतात, अंगभर खडखडाट होतो, आणि खडबडीत वळणावर चाक रस्त्यावर टिकत नाही. गोल मैदानावर जे चाक रस्त्याला चिकटलेले होते, तेच खाचखळग्यांवर टप्पे घेऊ लागले. टप्पा घेणाऱ्या चाकाची पकड, ते हवेत असेपर्यंत, शून्य असते.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कंपनीने जे केले ते या विषयातले एक चांगले धडेवजा उदाहरण आहे. साध्या कॉर्व्हेटच्या स्प्रिंगा सुमारे एक चतुर्थांशाने मऊ केल्या. ‘झेड ५१’ संचातल्या स्प्रिंगाही मऊ केल्या आणि त्या संचात दांडे जाड घातले, म्हणजे वळणावरचा ताठा कायम राहिला. खड्ड्याचे काम मऊ स्प्रिंगेकडे, वळणाचे काम दांड्याकडे, अशी विभागणी झाली. पुढे १९८९ मध्ये चालकाला बटणाने कडक-मऊ करता येणारे शॉकअप आले, आणि २००३ मध्ये चुंबकाने घट्ट होणाऱ्या तेलाचे, ज्यांचा विरोध सेकंदाला शेकडो वेळा बदलतो. इतके झाले तरी अडीचशे किलोंचे ते सूत्र होते तिथेच आहे. नव्या शॉकअपने भार किती जलद सरकतो ते आवरता येते. किती सरकतो, ते नाही.

दांड्यालाही त्याचे स्वतःचे नावे खाते आहे, हे विसरू नये. तो दोन चाकांना बांधून ठेवतो, म्हणून एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही थोडा भोगावा लागतो, आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलत राहतात. फार जाड झाला तर वळणावर आतले चाक उचलतो. १९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय काढली, तेव्हा सुरुवातीला जेमतेम पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पुढे ती जगभर गाजली. जोरात वळताना तिचे मागचे आतले चाक जमिनीवरून उठायचे आणि गाडी तीन पायांवर जायची, याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. तिथे ते चालून जात होते, कारण इंजिन पुढची चाके फिरवत होते आणि उचललेल्या चाकाकडे कामच नव्हते. तेच चाक इंजिनाने फिरवायचे असते तर ते हवेत गरगरत राहिले असते.

आणि कडकपणाशिवायही वेग साधतो, याचा पुरावा १९६२ सालची लोटस एलान. कॉलिन चॅपमन यांची ही छोटी इंग्रज गाडी सातशे किलोंच्या आसपासची. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि चाकांना वर-खाली व्हायला भरपूर जागा होती. कण्यासारखी मजबूत चासी मधून गेलेली, गुरुत्वमध्य खाली, शॉकअप अचूक जुळवलेले. ती खराब इंग्रजी गावरस्त्यांवर तिच्याहून किती तरी ताकदवान गाड्यांना मागे टाकी. चासी आधी ताठ हवी, हा यातला मुद्दा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लवणाऱ्या चासीखाली कडक स्प्रिंगा घातल्या तर चासी स्वतःच स्प्रिंग होते, आणि तिला शॉकअप नसतो.

मग निवड करायची कशी? क्रम साधा आहे. आधी टायर पाहावेत आणि त्यातली हवा, कारण झिजलेल्या टायरांखाली कुठल्याही स्प्रिंगेचा उपयोग नाही. मग जुने रबरी बुश आणि थकलेले शॉकअप बदलावेत. पुष्कळदा गाडी एवढ्यानेच नवी वाटते आणि पुढचा खर्च वाचतो. त्यानंतर स्वतःला विचारावे, की गाडी शंभरातले किती दिवस शर्यतीच्या मार्गावर जाणार आणि किती दिवस घरापासून कचेरीपर्यंत. त्या उत्तरावरून स्प्रिंग, रस्त्याला सोसेल तितकीच कडक. तिच्या जोडीचा शॉकअप. आणि सर्वांत शेवटी दांडा, तोही गाडीचे नाक पळते की शेपूट, हे पाहून. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि झालेला फरक वहीत लिहून ठेवावा. शर्यतीच्या मार्गांवर काम करणारे अनुभवी लोक याच रीतीने जातात.

आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो, आणि स्वस्तातला मार्ग फार धोक्याचा आहे. नवी स्प्रिंग घेण्याऐवजी जुनीचाच एखादा वेढा कापायचा, किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून ती बसवायची. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, पण गाडी खाली आल्यामुळे दबायची जागा त्याहून कितीतरी जास्त कमी होते. तापवलेल्या स्प्रिंगेचे पाणीच उतरते. अशी गाडी घाटातल्या वळणावर कलली की चाक शेवटच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटते. त्या क्षणी ते टोक एकदम दगडासारखे कडक होते, भाराची सगळी वाटणी निमिषात त्याच्या खात्यावर पडते आणि टायर सुटतो. चालकाला आधी सूचना मिळत नाही. आपल्या रस्त्यांच्या मानकांत गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद असावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षातले गतिरोधक कोणाच्या मापाने बांधतात ते आपण रोज अनुभवतो. त्यावर पोट घासणाऱ्या गाड्या पुण्या-मुंबईत कमी नाहीत.

कायदाही इथे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. हौशी मंडळींना हा जाच वाटतो. ज्यांना खरोखर गाडीची मर्यादा पाहायची आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरला बांधलेले मार्ग आहेत. तिथे समोरून एसटी येत नाही आणि वळणापलीकडे गुरे बसलेली नसतात. तिथे गाडी घसरली तर ज्याने स्प्रिंग निवडली तोच घसरतो.

रस्त्यावर तसे नसते. १९६० च्या कॉर्वेअरमध्ये मागे बसलेल्या मुलांना पुढच्या चाकांमध्ये एक दांडा कमी आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या आईलाही स्प्रिंगेचा किती भाग कापला आहे ते कळत नाही. ती फक्त म्हणते, गाडी फार आपटते रे हल्ली. त्या एका वाक्यात शॉकअप, स्प्रिंग आणि टायर तिघांची हकीकत असते. ती ऐकून गाडी गॅरेजला नेणारा माणूस पकडीविषयी बरेच काही समजलेला असतो.